आधी गंज ओळखा, मग रंग लावा

पावसाळा तोंडावर आला की शहरांतील गृहनिर्माण संस्थांमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. जिन्याचा कठडा, खिडक्यांचे गज आणि गच्चीवरील टाकीची शिडी यांवर पॉलिश पेपर घासला जातो आणि संध्याकाळपर्यंत सारे काही ऑइल पेंटने चकचकीत होते. गंज गेला, असे समाधान मानून सभासद आपापल्या घरी परततात. प्रत्यक्षात अनेकदा गंज तेथेच असतो. गेलेला असतो तो केवळ त्याचा रंग, म्हणजे धोक्याची सूचना देणारी एकमेव खूण.

धातूचे क्षरण, म्हणजेच गंजणे, हा एकच आजार नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची लक्षणे, गती व परिणाम वेगवेगळे आहेत. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. हा पूल गंजलेला होता आणि तो धोकादायक असल्याचा फलकही तेथे होता. याउलट स्वित्झर्लंडमधील उस्टर गावात ९ मे १९८५ रोजी एका जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत पोहणाऱ्यांच्या अंगावर कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा धोक्याची कल्पनाच कोणाला नव्हती. छत पेलून धरणाऱ्या सळया स्टेनलेस स्टीलच्या, म्हणजे 'न गंजणाऱ्या' होत्या आणि इमारतीला अवघी १३ वर्षे झाली होती. एके ठिकाणी दिसणाऱ्या गंजाकडे दुर्लक्ष झाले, तर दुसरीकडे गंज दिसलाच नाही. म्हणूनच गंजाचे प्रकार ओळखता येणे हा केवळ अभियंत्यांचा विषय राहत नाही.

आर्थिक बाजूही लहान नाही. 'नेस' या क्षरण अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार क्षरणापोटी जगाला दरवर्षी सुमारे अडीच लाख कोटी डॉलर मोजावे लागतात. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या हे ३.४ टक्के होतात. उपलब्ध ज्ञान नीट वापरले तर यातील १५ ते ३५ टक्के खर्च वाचू शकतो, असेही हा अभ्यास सांगतो.

गंज म्हणजे छोटी बॅटरीच

धातू निसर्गात बहुधा शुद्ध रूपात सापडत नाहीत. खनिजातून लोखंड वेगळे करण्यासाठी भट्टीत प्रचंड ऊर्जा खर्च करावी लागते आणि संधी मिळताच ते पुन्हा मूळ खनिजासारख्या रूपाकडे वळू लागते. ही संधी त्याला ओलावा आणि प्राणवायू देतात. धातूचा पृष्ठभाग ओला झाला की त्याच्या एका भागातून धातूचे कण विरघळू लागतात आणि तेथून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या भागाकडे जातात. गंजाचा प्रत्येक ठिपका ही अशा रीतीने एक लहानशी बॅटरीच असते. पाण्यात मीठ मिसळलेले असेल तर वीज अधिक सहज वाहते. कोकण किनारपट्टीवर आणि मुंबईत लोखंड लवकर सडते, त्यामागे हवेतील ओलाव्याइतकाच समुद्रावरून येणाऱ्या क्षारांचाही वाटा असतो.

या बॅटरीची जागा आणि रचना बदलली की गंजाचा प्रकार बदलतो.

सर्वांगावरचा गंज

सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे संपूर्ण पृष्ठभागावर सारखा पसरणारा तांबूस तपकिरी गंज. हात फिरवला की भुकटी हाताला लागते. दुर्लक्ष झाले तर पापुद्रे सुटू लागतात. दिसायला हा सर्वांत कुरूप, पण तुलनेने प्रामाणिक गंज आहे. तो लपत नाही, शिवाय धातू किती झिजला हे जाडी मोजून समजते. कोलकात्याच्या हावडा पुलाचे उदाहरण बोलके आहे. खांबांच्या तळाशी असलेल्या पोलादी आवरणांवर लोक पान-गुटख्याच्या पिचकाऱ्या टाकत राहिले आणि २००७ नंतरच्या अवघ्या काही वर्षांत या आवरणांची जाडी ६ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरहून कमी झाल्याचे तपासणीत आढळले. पुढे त्यांवर फायबरग्लासचे कवच चढवावे लागले.

रंगकाम खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते या प्रकारात. मात्र सुटा गंज तारेच्या ब्रशने धातू उघडा पडेपर्यंत काढून, त्यावर गंजरोधक प्रायमर देऊन मगच रंग लावावा लागतो. पापुद्रे निघत असतील तर उरलेली जाडी आधी तपासायला हवी.

दोन धातूंचे न जुळणारे नाते

वेगवेगळे दोन धातू एकमेकांना चिकटून असतील आणि तेथे ओलावा पोहोचला, तर त्यांतील अधिक क्रियाशील धातू झपाट्याने झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. ब्रिटिश नौदलाला याचा धडा अठराव्या शतकातच मिळाला होता. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून संरक्षण म्हणून १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकण्यात आला. दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा तांबे शाबूत होते, पण लोखंडी खिळे अनेक ठिकाणी सडून गेले होते. ज्या ठिकाणी पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून खिळा आणि तांबे यांच्यामध्ये राहिला होता, तेथील खिळे मात्र चांगले होते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यातही तांब्याच्या आवरणाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या याच कारणाने गंजल्या आणि १९८४ ते १९८६ या काळात त्या बदलाव्या लागल्या.

घरात हा प्रकार ॲल्युमिनियमच्या खिडकीतील लोखंडी स्क्रूभोवती किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाइपला पितळी नळ जोडलेला असतो तेथे आढळतो. धातूची हानी नेमकी सांध्याजवळ असते आणि सांध्यापासून दूर गेले की कमी होते. एक धातू स्वच्छ आणि शेजारचा कुरतडलेला दिसला तर याच प्रकाराची शंका घ्यावी. ॲल्युमिनियम व जस्त झिजताना लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी जमते. त्यामुळे ती अनेकदा मळ समजून पुसली जाते.

येथे रंगकाम उलटही फिरू शकते. तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या पत्र्यात बसवलेल्या लोखंडी स्क्रूलाच तेवढा रंग दिला आणि त्या रंगाला बारीक चीर पडली, तर सारा हल्ला त्या चिरेत एकवटतो. दोन धातूंमध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर घालणे, म्हणजे 'अलार्म'च्या खिळ्यांखालील कागदाचे काम करणे, हा त्यावरील खरा उपाय होय.

हेच तत्त्व माणसाने आपल्या फायद्यासाठीही वापरले आहे. जीआय पाइपवरील जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, म्हणून लहानसा ओरखडा पडला तरी आतील लोखंड काही काळ वाचते. पत्र्याच्या डब्यावरील कथलाचे तसे नाही. कथील लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने बाहेरच्या बाजूस ओरखडा पडला की लोखंडच आधी गंजते. मात्र मुलामा अखंड असेल तर कथील उत्तम संरक्षण देते. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी कळकू नये म्हणून घरोघरी कल्हई करून घेतली जाई, ती याच कारणाने.

फटीत दडलेला गंज

बोल्टच्या डोक्याखाली, वॉशरच्या मागे किंवा एकमेकांवर ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरते, पण वाळत नाही. फटीच्या आत प्राणवायू संपतो, बाहेर मात्र तो भरपूर असतो. या फरकामुळे फटीच्या आतला धातू विरघळू लागतो आणि तेथील पाणी हळूहळू आम्लधर्मी बनते. बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आत सांधा पोखरला जातो.

हा गंज ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. सांध्याच्या खालच्या कडेपासून तपकिरी ओघळ उतरलेला दिसतो, सांध्याच्या रेषेतच रंगाला चीर पडते आणि आत साठलेल्या गंजामुळे दोन बोल्टांच्या मधला पत्रा फुगून येतो. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग ज्या लोखंडी चौकटीवर टांगलेला असतो, तिचे बोल्ट या दृष्टीने आवर्जून पाहावेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या काही दिवस आधीच, पाऊस आणि खाऱ्या वाऱ्यामुळे पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्राने कळवले होते.

सुईच्या टोकाएवढे छिद्र

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्यामुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि तोच या धातूचे संरक्षण करतो. मिठातील क्लोराइड या थराला एखाद्या बिंदूवर भेदते. मग बाकी सारा पत्रा चकचकीत राहतो आणि त्या एका बिंदूतून छिद्र खोल जात राहते. किती धातू झिजला हे वजनावर कळत नाही, आणि टाकी किंवा पाइप एके दिवशी अचानक गळू लागतो.

चकचकीत पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे वा तपकिरी ठिपके आणि त्यांभोवती पुसट तांबूस वलय, ही या प्रकाराची खूण. ठिपका पुसल्यावर नखाला खळगा लागला तर तो केवळ डाग नव्हे. स्वयंपाकघरात याची दोन कारणे नेहमी आढळतात. स्टीलच्या पातेल्यातील थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी तसेच राहू देणे हे एक, आणि ब्लीचिंगचे द्रावण सिंकमध्ये रात्रभर ठेवणे हे दुसरे. पाणी उकळू लागल्यावर मीठ घालून ढवळले, तर पहिले कारण सहज टळते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या इमारतींत कठड्यांसाठी ३०४ ऐवजी ३१६ क्रमांकाचे स्टील वापरण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्यातील मॉलिब्डेनम अशा छिद्रांना अधिक विरोध करते.

गुलाबी पडलेले पितळ

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. काही प्रकारच्या पाण्यात यातील जस्त तेवढे विरघळून जाते आणि मागे तांब्याची सच्छिद्र जाळी उरते. नळाचा आकार, आटे, सारे काही जसेच्या तसे दिसते. जोर मात्र उरत नाही. प्लंबरने पान्याने पिळताच जुना कॉक हातात तुटून येतो, तो अनेकदा यामुळेच. पिवळ्या पितळेवर गुलाबी किंवा तांबूस चट्टे आणि सांध्याजवळ पांढरा खरपुडा दिसला की असा कॉक, विशेषतः गच्चीवरील टाकीचा, वेळीच बदलणे श्रेयस्कर.

ताणातून जन्मणारी भेग

सर्वांत धोकादायक प्रकार सर्वांत कमी दिसतो. धातूवर सतत ताण असेल आणि त्याच्या भोवती त्याला न मानवणारे रसायन असेल, तर फारसा गंज न दिसता त्यात केसासारख्या भेगा पडतात. या प्रकाराच्या इतिहासाला भारताचा संदर्भ आहे. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे येथे पावसाळ्यात तडकत असत. काडतुसे घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवली जात आणि लीद व मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर परिणाम करत असे. हे कोडे १९२१ मध्ये उलगडले. ऋतूशी संबंध असल्याने इंग्रजीत या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. उस्टरच्या सळयांनाही हेच झाले होते. तलावाच्या दमट हवेतील क्लोरिनयुक्त पदार्थांनी ताणाखालील स्टेनलेस स्टीलला भेगा पाडल्या.

अमेरिकेत ओहायो नदीवरील 'सिल्व्हर ब्रिज' १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळच्या वाहतुकीच्या वेळी कोसळला आणि ४६ जणांचा बळी गेला. पूल पेलणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीच्या सांध्यात जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग होती. सांधा सुटा केल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते. या दुर्घटनेनंतरच अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय निकष ठरवण्यात आले.

सामान्य माणसाला ही भेग शोधता येत नाही; पण ती कोठे असू शकते हे ओळखता येते. जलतरण तलाव, रासायनिक कारखाने किंवा समुद्रकिनारा अशा ठिकाणी डोक्यावर काही टांगलेले असेल, तर 'स्टेनलेस आहे, काही होणार नाही' एवढ्यावर विसंबू नये. अशा टांगणीची तज्ज्ञांकडून तपासणी मागणे रास्त ठरते.

काँक्रीटच्या पोटातील गंज

शहरवासीयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गंज डोळ्यांआड असतो. काँक्रीट मूळचे अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील लोखंडी सळई सुरक्षित राहते. कालांतराने हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये झिरपून हे संरक्षण कमी करतो. क्षारयुक्त पाणी किंवा धुतलेली नसलेली समुद्राची वाळू वापरली असेल तर ते आणखी लवकर नष्ट होते. त्यात स्नानगृहाची गळती मिळाली की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते, त्यामुळे सळई आतून काँक्रीट फोडते.

याचा क्रम ठरलेला असतो. आधी सळईच्या दिशेने जाणारी सरळ चीर दिसते, मग तिच्यातून तपकिरी डाग उतरतो, त्यानंतर तो भाग ठोकल्यावर भद्द, पोकळ आवाज येतो आणि शेवटी काँक्रीटचे पोपडे पडून सळई उघडी होते. गिलाव्यातील कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, वेड्यावाकड्या चिरा बहुधा वरवरच्या असतात. खांब व तुळयांवरील सरळ, लांब चिरा तशा नसतात. त्यांवर पुट्टी भरून रंग काढला तर सळई गंजायची थांबत नाही, फक्त घरमालकाला ते कळायचे थांबते. क्षारांमुळे सळईला एखाद्या ठिकाणी खोल खड्डा पडतो तेव्हा तर बाहेर चीरही उशिरा येते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींचे तीन वर्षांतून एकदा होणे अपेक्षित आहे. हे परीक्षण रंगकामाच्या आधी व्हायला हवे, नंतर नव्हे.

डबा उघडण्यापूर्वी

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी चार प्रश्न विचारले तरी पुष्कळसे काम होते. गंज सर्वत्र सारखा आहे की एकाच जागी? तो उघड्या पृष्ठभागावर आहे की सांध्यातून बाहेर येतो आहे? शेजारी दुसरा धातू आहे का? आणि हा भाग तुटला तर तो कोणाच्या डोक्यावर पडेल? सारख्या पसरलेल्या गंजाला रंगारी पुरेसा आहे. गंज एका ठिपक्यात, सांध्यात किंवा चिरेत असेल तर आधी प्लंबर, फॅब्रिकेटर वा संरचना अभियंता यांना बोलवावे. त्या जागेचे दिनांकासह छायाचित्र काढून ठेवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच कोनातून काढावे. डाग किती वाढला, हे त्यावरून कोणालाही सांगता येते.

पाहिलेली गोष्ट सांगणेही तितकेच आवश्यक आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील हिलो येथून होनोलुलूकडे निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग २४ हजार फुटांवर उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली, ६५ जण जखमी झाले. पत्र्यांच्या सांध्यांत शिरलेला खारा ओलावा, त्यामुळे झालेला गंज आणि वारंवारच्या उड्डाणांनी वाढलेल्या भेगा, असे त्याचे कारण तपासात पुढे आले. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दरवाजाजवळच्या पत्र्यात भेग दिसली होती. ती तिने कोणालाही सांगितली नाही.